पर्जन्यछायेंतील दोन तालुके

महाराष्ट्राचा साधा शालेय नकाशा पुढें घ्यावा आणि त्यावरील अठरा अंश उत्तर अक्षवृत्ताच्या रेघेवर बोट ठेवावें. बोट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवीत नेलें, तर प्रथम समुद्रकांठचें श्रीवर्धन लागतें. मग सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर. घाट उतरल्यावर लोणंद आणि फलटण. पुढें पुणे जिल्ह्यांतील बारामती. आणि शेवटीं भीमेच्या खोऱ्यांतील इंदापूर. हीं सर्व गांवें ह्या रेघेच्या अगदीं जवळ, थोडीं वर किंवा थोडीं खालीं, वसलेलीं आहेत. श्रीवर्धनापासून इंदापुरापर्यंतचें सरळ अंतर सव्वादोनशें किलोमीटरहून अधिक नाहीं. पण श्रीवर्धनास वर्षाकाठीं अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं सुमारें ५,५००. आणि महाबळेश्वरापासून सरळ अंतरानें अवघ्या १०० किलोमीटरांवर असलेल्या बारामतीस सुमारें ५००. म्हणजे अकरांतला एक भाग! इंदापूरची गोष्टही जवळजवळ तीच. जुन्या मापानें बोलावयाचें तर महाबळेश्वरास दोनशें इंचांच्या वर आणि बारामती-इंदापुरास वीस इंच.

हा फरक कशानें पडतो? सूर्य एकच आणि महिनाही एकच. तेव्हां उत्तराचा शोध आकाशाबरोबर जमिनीवरही घ्यावा लागतो. तो घेण्यापूर्वीं दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. आज सकाळीं ढग आले, दुपारीं ऊन पडलें, सायंकाळीं वारा सुटला, ही झाली हवा. ती तासातासाला पालटते. अशा तीस-तीस वर्षांच्या हवेची गोळाबेरीज केल्यावर एखाद्या प्रदेशाची जी प्रकृति दिसूं लागते, तें त्याचें हवामान. माणसाचा आजचा राग-लोभ निराळा आणि त्याचा स्वभाव निराळा, तसाच हा प्रकार आहे. बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांचा स्वभाव कसा घडला, आणि तो न ओळखतां नुसत्या सरासरीच्या आंकड्यावर विसंबलें तर काय घडतें, हें आज पाहावयाचें आहे.

हवामान घडविणारें पहिलें कारण सूर्य. अठराव्या अक्षांशावर सूर्य वर्षांतून दोनदां बरोबर डोक्यावर येतो. एकदां मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत, आणि पुन्हां जुलै संपतां संपतां. दोन्ही वेळीं त्याच्या किरणांचा कोन एकच असतो. तरी मे महिन्यांत बारामतीचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या घरांत जातो, आणि जुलैअखेर तो त्याहून कितीतरी खालीं राहतो. कारण तेव्हां मध्यें ढगांचा पडदा असतो आणि हवा समुद्रावरून येत असते. सूर्य मुख्य खरा, पण तो एकटा नव्हे. ह्याच अक्षवृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली तर हें अधिकच स्पष्ट होतें. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मॉरितानियाची राजधानी नुआकशॉत ह्याच रेघेवर आहे, आणि तेथें वाळवंट पसरलेलें आहे. लाओसची राजधानी व्हिएन्टिआनही ह्याच रेघेवर आहे, आणि तेथें बारामतीच्या तिप्पट पाऊस पडून भाताचीं खाचरें भरतात.

दुसरें कारण समुद्राचें सान्निध्य, आणि तिसरें जमिनीची उंची. पाणी सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. जमीन दोन्ही बाबतींत उतावळी असते. म्हणून श्रीवर्धनास ऐन मे महिन्यांतही दुपारचें तपमान ३३ अंशांच्या आसपास राहतें, आणि थंडींतली रात्रही फारशी बोंचत नाहीं. दिवसा खारे वारे आणि रात्रीं मतलई वारे ह्यांची ये-जा तेथें चालू असते. बारामती किनाऱ्यापासून सुमारें १७० किलोमीटर आंत आहे. तेथपर्यंत ही समुद्राची मध्यस्थी पोहोंचत नाहीं. उन्हाळ्यांत माळ तापून निघतो. आणि डिसेंबर-जानेवारींत आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसा सांठलेली उष्णता रात्रीं सरळ अंतराळांत निघून जाते व पहांटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. उंचीचा हिशेब याहून सोपा आहे. दर किलोमीटर चढास हवा सरासरीनें साडेसहा अंशांनीं थंड होते. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंचीवर आहे आणि बारामती सुमारें ५५०. आठशें मीटरांच्या ह्या फरकानें पांच अंशांचा फरक पडतो. उरलेला फरक झाडी, ओलावा आणि ढग ह्यांनीं भरून निघतो.

आतां मुख्य कारणाकडे वळूं. जून महिन्यांत उत्तर भारताची जमीन तापून तेथील हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरून वाफेनें भरलेले नैर्ऋत्य मोसमी वारे आंत शिरतात. कोंकणची चिंचोळी पट्टी ओलांडली कीं त्यांच्यापुढें सह्याद्रीची भिंत उभी राहते. वाऱ्याला वर चढण्यावांचून गत्यंतर नसतें. वर चढतांना हवा प्रसरण पावते. प्रसरण पावली म्हणजे निवते. आणि निवली म्हणजे वाफ धरून ठेवण्याची तिची शक्ति कमी होते. मग त्या वाफेचे ढग होतात आणि ढगांचें पाणी घाटमाथ्यावर कोसळतें.

येथवरची गोष्ट शाळेंत सर्वांनींच ऐकलेली असते. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाहीं. वाफेचें पाणी होतांना तिच्या पोटांतील सुप्त उष्णता मोकळी होऊन हवेंत मिसळते. त्यामुळें ओली हवा चढतांना किलोमीटरमागें पांच-सहा अंशांनींच निवते. माथा ओलांडून ती पूर्वेकडे उतरूं लागली कीं तिच्यांत पाणी उरलेलें नसतें, आणि कोरडी हवा उतरतांना किलोमीटरमागें जवळजवळ १० अंशांनीं तापते. म्हणजे चढणीला जितकी निवली त्याहून उतरणीला ती अधिक तापते. जी हवा खालीं उतरत आहे आणि तापत आहे, तिच्यांत नवा ढग धरणें कठीण. आणि धरलेला ढगही विरूं लागतो. म्हणून महाबळेश्वराहून मोटारनें तासाभरांत वाईस उतरलें, तर पाऊस साडेपांच हजारांवरून हजाराच्या आंत येतो. त्याच्याही पूर्वेला बारामती आणि इंदापूर. जुलै महिन्यांत ह्या गांवांवरून ढगांचे थवेच्या थवे पूर्वेकडे धांवत असतात. वारा सोसाट्याचा असतो. मात्र अंगण नुसतें ओलें होऊन वाळतें. डोंगराच्या आड ऊन येत नाहीं त्या जागेस आपण छाया म्हणतों. तशीच ही पावसाची छाया, शास्त्रीय भाषेंत पर्जन्यछाया.

येथें अशी शंका निघेल कीं, पश्चिमेचा समुद्र राहूं द्या. पूर्वेस बंगालचा उपसागर आहे, त्याचें काय? त्या उपसागरांत पावसाळ्याभर कमी दाबाचे पट्टे तयार होतात. पण ते ओडिशावरून शिरून बहुधा वायव्येच्या रोखानें छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य प्रदेश ह्यांच्याकडे जातात. त्यांचा ओलावा विदर्भास भरपूर मिळतो. भीमेच्या मधल्या खोऱ्यापर्यंत येईतों त्यांतला फारच थोडा उरतो. अशा रीतीनें हे दोन तालुके दोन्ही समुद्रांच्या पंगतींत अगदीं शेवटच्या पानावर बसलेले आहेत. वाढपी येईपर्यंत पातेलें रिकामें झालेलें असतें.

ह्या स्थितीचा परिणाम नुसत्या पावसाच्या मापावर नव्हे, तर त्याच्या वेळापत्रकावरही होतो. मुंबईस किंवा महाबळेश्वरास जुलै हा पावसाचा राजा. बारामती-इंदापुरास मात्र तो मान सप्टेंबरला आहे. जूनमध्यें मृगाच्या सुमारास कांहीं सरी येतात. जुलै-ऑगस्टांत पश्चिमेचा वारा जोरांत असतो तेव्हां ओढ बसते. आणि सप्टेंबरांत तो वारा मंदावला, ऊन पडूं लागलें, जमीन तापून दुपारीं हवा वर चढूं लागली, पूर्वेकडून ओलावा सरकूं लागला, म्हणजे गडगडाटासह पाऊस पडतो. म्हणून येथला शेतकरी उत्तरा आणि हस्त ह्या नक्षत्रांकडे डोळे लावून बसतो. कोंकणांतल्या भाताला आषाढ-श्रावण साधला कीं झालें. येथल्या रब्बीच्या ज्वारीचें भवितव्य भाद्रपद-आश्विनांत ठरतें. नदीकांठच्या खोल काळ्या जमिनीला दोन-चार दमदार पाऊस मिळाले तर ती तो ओलावा पोटांत धरून ठेवते, आणि ज्वारी त्या ओलाव्यावर व थंडीवर थेट माघापर्यंत निभावते. माळावरच्या मुरमाड जमिनीस हें सामर्थ्य नाहीं. तेथें खरिपाची बाजरीच बरी. म्हणजे जमिनीचा पोत हाही हवामानाचा भागीदारच होय. पाऊस किती पडला ह्याच्याइतकाच तो जमिनीनें किती राखला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कोरडेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हवा कोरडी असली म्हणजे उघड्या पाण्याची वाफ झपाट्यानें होते. ह्या भागांत वर्षभरांत आकाश जितकें पाणी देतें, त्याच्या कांहीं पटींनीं अधिक पाणी परत मागतें. पण त्याच कोरड्या हवेमुळें फळांवर बुरशीचे रोग कमी पडतात. म्हणून इंदापूर तालुक्यांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहूं शकल्या. कोंकणच्या दमट हवेंत तें झाड असें सुखानें नांदलें नसतें. हवामान म्हणजे केवळ उणीव नसते. त्याच्याशीं जुळतें घेणारें पीक सांपडलें, तर उणीवही भांडवल होते.

आतां सरासरीच्या प्रश्नाकडे येतों. पांचशें मिलिमीटर हा आंकडा मीं आरंभीं सांगितला. तो खरा आहे, पण त्यावर भिस्त ठेवणें धोक्याचें आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. एका वर्षीं २५० मिलिमीटर पाऊस पडला आणि दुसऱ्या वर्षीं ७५०. दोन वर्षांची सरासरी बिनचूक ५०० येते. प्रत्यक्षांत मात्र पहिल्या वर्षीं ज्वारी करपली, आणि दुसऱ्या वर्षीं पाऊस चार दिवसांत कोसळून नाल्यांनीं वाहून गेला. सरासरीच्या वहींत दोन्ही वर्षें बरीं दिसतात. घरच्या कणगींत दोन्ही वर्षीं दाणा नसतो. जेथें पाऊस विपुल तेथें त्याचें वर्षावर्षांतील कमी-जास्त होणें थोडें. आणि जेथें पाऊस मुळांतच कमी, तेथें त्याचा लहरीपणा अधिक, हा जगभरचा अनुभव आहे. महाबळेश्वरचा पाऊस चतुर्थांशानें घटला तर कोणाचें बिघडत नाहीं. बारामतीचा तितकाच घटला तर गुरें चारा-छावणीच्या वाटेला लागतात.

हा लहरीपणा येतो कोठून? त्याचें एक मूळ हजारों किलोमीटरांवर प्रशांत महासागरांत आहे. भारतीय हवामान खात्याचे १९०४ पासून १९२४ पर्यंत प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. पुढच्या वर्षाचा पाऊस आधीं सांगतां यावा ह्यासाठीं त्यांनीं जगभरच्या वायुभाराच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांतून त्यांना आढळलें कीं, प्रशांत महासागराच्या बाजूस दाब चढला कीं हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि उलटही होतें. ह्या हेलकाव्यास त्यांनीं दक्षिणी आंदोलन हें नांव दिलें. पेरू देशाजवळचा समुद्र वाजवीपेक्षां अधिक तापतो त्या घटनेस एल निनो म्हणतात. ती ह्याच हेलकाव्याची दुसरी बाजू होय, हें पुढें सिद्ध झालें. १८७७, १९७२, २०१५ आणि २०२३ हीं एल निनोचीं वर्षें. त्यांपैकीं १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रांतील जुन्या माणसांना सुकडी आणि खडी फोडण्याचीं कामें ह्यांच्यासह आठवतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षीं राज्य शासनानें दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आणि इंदापूर हीं दोन्ही नांवें होतीं. तरीही एल निनो म्हणजे दुष्काळच, असें समीकरण मांडतां येत नाहीं. १९९७ सालीं तो फार प्रबळ असूनही भारतांतला पाऊस साधारण सरासरीइतका पडला. निसर्ग इशारा देतो, हमी देत नाहीं.

सरासरीवर विसंबल्याचा जुना आणि कडू अनुभव इंदापूर तालुक्याच्या इतिहासांतच नोंदलेला आहे. पेशवाई संपल्यावर १८३० च्या सुमारास प्रिंगल ह्या अधिकाऱ्यानें जमिनींची मोजणी करून सारा ठरविला. तो रयतेस पेलला नाहीं आणि इंदापुरांतील जमिनी ओस पडूं लागल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं १८३५-३६ मध्यें ह्याच तालुक्यांत नवी पाहणी केली. मातीची प्रतवारी लाविली, दर हलके केले, आणि तीस वर्षें ते वाढणार नाहींत असें ठरविलें. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया असा इंदापुरांत घातला गेला. पडीक जमीन पुन्हां वहितीखालीं आली, हें त्या पद्धतीचें श्रेय. पण तिच्या पोटांत एक गृहीत होतें. चांगलीं आणि वाईट वर्षें धरून सारा बेताचा ठेविला आहे. तेव्हां बऱ्या वर्षाच्या शिलकेंतून शेतकऱ्यानें वाईट वर्षाची उणीव भरून काढावी.

हें गृहीत कागदावर बरोबर होतें. परंतु त्या शेतकऱ्याजवळ शिल्लक राहत नव्हती. सारा रोख द्यावयाचा आणि ठरलेल्या तारखेस द्यावयाचा. पाऊस तेवढा ठरलेला नव्हता. मधली फट सावकार भरून काढी. १८६७ मध्यें तीस वर्षांची मुदत सरली आणि इंदापूरचा सारा वाढविण्यांत आला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेले कापसाचे भाव तोंवर उतरूं लागले होते. पाठोपाठ अपुऱ्या पावसाचीं वर्षें आलीं. १२ मे १८७५ रोजीं आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दप्तरें जाळलीं, आणि तेथून तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासांत दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध असलेलें प्रकरण तें हेंच. त्याचीं कारणें अनेक होतीं. एकट्या पावसावर त्याचा भार टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पण पर्जन्यछायेच्या प्रदेशांत, शंभर वर्षांत एकदांही जसाच्या तसा न येणारा ‘सरासरीचा पाऊस’ गृहीत धरून देणें ठरविलें, तर काय होतें, ह्याचा तो धडा होता. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं पुढें १८६५ ते १९३८ ह्या काळांतील दख्खनच्या पावसाच्या नोंदी दुष्काळांशीं ताडून पाहिल्या. त्यांचा तो ग्रंथ १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला.

दंग्यांनंतर लगेच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला, आणि त्यानंतर ह्या भागाचें चित्र पालटण्यास आरंभ झाला. १८८० च्या दशकांत नीरेच्या डाव्या कालव्यांतून पाणी वाहूं लागलें. भोरजवळ भाटघर येथें धरण झालें. १९२० च्या दशकांत त्याच्या जागीं अधिक मोठें धरण उभें राहिलें. १९३० च्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. वर्षाकाठीं ५०० मिलिमीटर पावसाच्या भूमींत, दोन हजार मिलिमीटरच्या घरांत पाणी मागणारा ऊस डोलूं लागला. पाहुणा म्हणेल कीं येथलें हवामान बदललें. वस्तुतः हवामान होतें तेथेंच आहे. बदल झाला तो इतकाच कीं, भोरच्या डोंगरांत पडलेला पाऊस आठ महिने राखून, पाटानें पर्जन्यछायेंत आणून सोडला गेला. डोंगरानें जें वाटेंत अडविलें, तें कालव्यानें माघारीं मिळवून दिलें, पण कालव्याखालच्या गांवांनाच. म्हणून एकाच बारामती तालुक्यांत दोन देश नांदतात. नीरेच्या बाजूचा बागाईत पट्टा, आणि सुपें-मोरगांवच्या बाजूचा जिराईत पट्टा. दोहोंवर सारखाच पाऊस पडतो. दोहोंचें जीवन मात्र सारखें नाहीं.

इंदापूरच्या उत्तर सीमेवर पसरलेला उजनीचा जलाशय हेंही ह्याचेंच उदाहरण. १९८० मध्यें पूर्ण झालेल्या ह्या धरणांत भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा ह्या सह्याद्रींतून येणाऱ्या नद्यांचें पाणी सांठतें. इंदापुरांत थेंब पडलेला नसतां उजनीचें पाणी चढत असतें, असें दृश्य ऑगस्ट महिन्यांत अनेकदां दिसतें. आणि डोंगरांत पाऊस कमी झाला, तर इंदापुरांत चार सरी अधिक पडूनही तें भरत नाहीं. २०२३ च्या अवर्षणानंतर २०२४ च्या उन्हाळ्यांत पाणी इतकें ओसरलें कीं, बुडालेलें पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडलें. एवढा मोठा जलाशय झाला म्हणून इंदापुरांत पाऊस वाढेल, ही आशाही व्यर्थ होय. त्याचा प्रभाव कांठालगतच्या धुक्यापुरता आणि दमटपणापुरता. पावसाला उंच चढणारी हवा लागते. ती सपाट पाण्यावर निर्माण होत नाहीं.

विमानांतून ढगांत मीठ फवारून पाऊस पाडतां येईल काय, असें पुष्कळजण विचारतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ आणि २०१९ मध्यें शेजारच्या सोलापुरांत तसे प्रयोग केले. योग्य ढग असतील तर पाऊस कांहीं अंशीं वाढवितां येतो, असें त्यांतून दिसलें. मात्र ढगच नसेल तर विमान काय करणार? अवर्षणाच्या ऐन दिवसांत नेमका तोच अभाव असतो.

गेल्या कांहीं वर्षांत ह्या भागास उलट दिशेचेही धक्के बसले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्यें बंगालच्या उपसागरांतील वादळी पट्टा १३ तारखेस काकिनाडाजवळ किनारा ओलांडून तेलंगण, कर्नाटक आणि सोलापूर ह्या मार्गानें सरळ पश्चिमेस आला, आणि १४ तारखेस इंदापूर-बारामतींत ओढे-नाले पात्राबाहेर पडले. पर्जन्यछाया ही पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांपुरतीच आहे. पूर्वेकडून पाऊस आला तर मध्यें डोंगर नाहीं, हें त्या दिवशीं कळून आलें. पुढें २०२५ मध्यें मोसमी वारे नेहमींपेक्षां फार आधीं, २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईंत पोहोंचले. त्याच सुमारास, २५ तारखेस, बारामतींत इतका पाऊस झाला कीं, नीरेचा डावा कालवाच बारामतीजवळ फुटला. पृथ्वीवरील हवा तापत चालली आहे, आणि एका अंशाच्या वाढीबरोबर हवेंत सुमारें ७ टक्के अधिक वाफ मावूं शकते. अशी वाफ एकदम मोकळी झाली म्हणजे थोड्या तासांत फार पाऊस पडतो. म्हणजे वर्षाची बेरीज तीच राहूनही खंड लांबू शकतात आणि सरी अधिक दांडग्या होऊं शकतात. २००९ मध्यें बारामतीजवळ माळेगांव येथें स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अवर्षण, उष्णता, पाणी साचणें अशा ताणांत पिकें कशीं तगतील, ह्याच प्रश्नावर काम करते. अशा संस्थेसाठीं याहून समर्पक जागा क्वचितच मिळाली असती.

शेवटीं, ह्या सर्वांचा शहरांतील घराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. पुणेकरांच्या नळास येणारें पाणी खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर ह्या धरणांचें. त्याच धरणांचा कालवा पुण्यावरून पुढें दौंड आणि इंदापूर ह्या तालुक्यांकडे जातो. घाटमाथ्यावरचा जो पाऊस पर्जन्यछायेला वाऱ्यानें मिळाला नाहीं, तो पाटानें मिळावा ही ह्या योजनेमागील कल्पना. नळाचें तोंड जितकें मोकळें सुटतें, तितका पाटाच्या शेवटच्या टोकाचा वांटा आटतो. आणि नळांतून गेलेलें पाणी मुठेंतून, भीमेंतून उजनीस पोहोंचतें तें कोणत्या स्थितींत, हाही प्रश्न त्याच कांठावरच्या माणसांपुढें उभा राहतो.

म्हणून वर्तमानपत्रांत ‘सरासरीच्या ९५ टक्के पाऊस’ असा मथळा दिसला, तर सुशिक्षित वाचकानें तेवढ्यावर समाधान मानूं नये. तीन प्रश्न विचारावे. हा पाऊस किती दिवसांत पडला? तो कोणत्या नक्षत्रांत पडला, पेरणीच्या कीं पेरणी साधून गेल्यावर? आणि तो डोंगराच्या कोणत्या बाजूस पडला? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे त्या वर्षीं माळेगांवच्या उसाचें आणि सुप्याच्या बाजरीचें काय झालें असेल, हें पुण्यांत घरीं बसूनही बरेंच अचूक सांगतां येईल.